काचेवरचं गलबत

माझे यजमान चित्रकार होते. चित्रकाराच्या बायकोला काय काय करावं लागतं ते लग्न ठरताना कोणी सांगत नाही. रंग खलायला मी पहिल्या वर्षीच शिकले, ब्रश धुवायला त्याही आधी. पण एका राणीला चित्रकला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडेल, तेही मला स्वतःला साधा आंबा काढता येत नसताना, असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हे तेव्हा मुंबईत एका नाटक कंपनीचे पडदे रंगवत. जंगल, राजवाडा, रस्ता आणि पुन्हा जंगल. कंपनी बसली आणि हे घरी बसले. मग कलाशाळेतल्या त्यांच्या जुन्या गुरुजींनी एक दिवस बोलावून घेतलं. म्हणाले, "घाटावरच्या एका लहान संस्थानचे राजेसाहेब मुरुडच्या अलीकडे समुद्राकाठी बंगला बांधून राहतात. डॉक्टरांनी दम्यासाठी खारी हवा सांगितली आहे. हवा त्यांना मानवली, पण त्यांच्या चित्रांना मानवत नाही. तैलचित्रांवर बुरशी चढते आहे. जाशील का?"

ह्यांनी तिथल्या तिथे "जातो" म्हटलं. मला घरी आल्यावर विचारलं.

नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. मुरुडला बोट लांब उभी राहिली, तिथून होडीने किनाऱ्यावर आलो आणि पुढे बैलगाडीने बंगल्यावर. नारळी-पोफळीच्या वाडीत पांढरा, दुमजली बंगला होता. आत दोन मोठी दालनं. खालचं सरकारांचं, म्हणजे राजेसाहेबांचं. वरचं राणीसाहेबांचं, आणि ते रिकामं. पांढऱ्या भिंती आणि एक झोपाळा, एवढंच. नुसती भिंत सोडायची नाही हा सरकारांचा नियम. पण राणीसाहेबांना काय हवं ते त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं, आणि दुसऱ्याने ठरवलेलं त्यांना नको होतं.

सरकारांच्या दालनात मात्र हाताला भिंत लागत नव्हती. विलायतेच्या दोन प्रवासांत घेतलेली चित्रं, मुंबईतल्या जुन्या बंगल्यांच्या लिलावातून आणलेली चित्रं. पाणी पिणाऱ्या गाई, चिरूट पेटवणारा म्हातारा, बर्फातून चाललेली घोडागाडी. माडावर चढायला येणारी माणसं कधी आत डोकावली की त्या बर्फापुढे थांबायची. त्यातल्या एकाने ह्यांना विचारलं होतं, "ह्यं काय, मिठागर हाय?" ह्यांनी बर्फ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "असंल. पण मिठावानी दिसतंय."

सरकार स्वभावाने मऊ होते. दम्यामुळे थांबून थांबून बोलत. ह्यांना पहिल्याच दिवशी त्यांनी दालनात नेलं, एका चित्रासमोर उभं केलं आणि म्हणाले, "हे आम्ही घेतलं तेव्हा ह्या मुलीच्या गालावर डाग नव्हता. तो काढा. गाल मात्र काढू नका." हे घरी येऊन ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. असा मालक भेटला म्हणून त्यांना आनंद झाला होता.

आम्हाला वाडीतच दोन खोल्या दिल्या होत्या. बस्तान बसतं न बसतं तोच कारभारी दारात येऊन उभे राहिले. सगळा बंगला त्यांच्या हाती होता. म्हणाले, "राणीसाहेबांना चित्रकला शिकायची आहे. तुमच्या यजमानांना वर जाता येत नाही, राणीसाहेबांना खाली येता येत नाही. तेव्हा तुम्ही."

"मी? मला काय येतं?"

"तुम्हाला जिना चढता येतो," कारभारी म्हणाले.

राणीसाहेब गोषात होत्या. परपुरुषाच्या नजरेस पडायचं नाही ही घराण्याची रीत, आणि समुद्रकाठी आल्यामुळे ती बदललेली नव्हती. वय तिशीच्या आतबाहेर. मूलबाळ नव्हतं. बारीक बांध्याच्या, आणि बोलताना समोरच्याकडे एकटक पाहायची सवय. पहिल्या दिवशी त्यांनी चौरंगावर एक सोललेला नारळ ठेवला होता आणि तो कागदावर काढला होता. कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "हे खाली दाखवा. काय चुकलं ते विचारून या. बरं आहे असं म्हणाले तर ते सांगायला येऊ नका."

ह्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "सावली काळी केली आहे. सावली काळी नसते म्हणावं."

मी वर गेले. राणीसाहेबांनी ऐकून घेतलं. "मग कुठल्या रंगाची असते?"

मी खाली आले. हे म्हणाले, "ते मी कसं सांगू? नारळ त्यांच्यासमोर आहे. बघायला सांग."

मी पुन्हा वर गेले. राणीसाहेब नारळाकडे पाहत बसल्या. मीही पाहत बसले, कारण दुसरं काही करायला नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "निळी आहे. जरा जांभळी. ह्या चौरंगाचा रंगही त्यात आला आहे." मला ते आधीच दिसलं होतं, पण मी बोलले नाही.

असं ते वर्ष गेलं. दिवसातून कितीदा तो जिना मी चढले-उतरले ते देवाला ठाऊक. कधी कधी ह्यांचं बोलणं राणीसाहेबांना कळावं म्हणून मला ते माझ्या शब्दांत सांगावं लागे, आणि पुढे पुढे जिना वाचवण्यासाठी मीच उत्तर देऊ लागले. एकदा मी म्हटलं, "हात मोठा झाला आहे. तोंडावर धरून बघा, हनुवटीपासून कपाळापर्यंत बसतो तेवढाच असायला हवा." राणीसाहेबांनी ब्रश खाली ठेवला.

"हे त्यांनी सांगितलं की तुमचं?"

"त्यांचंच. मागे एकदा सांगितलं होतं."

"ह्या चित्राबद्दल नाही ना सांगितलं?"

"नाही."

"मग तुमचंच," त्या म्हणाल्या आणि हात पुसून पुन्हा काढायला बसल्या.

रिकाम्या दालनाचं काय करायचं ते त्यांनी त्या वर्षाच्या अखेरीस ठरवलं. सरकारांच्या दालनात बाईचं चित्र होतं, पण बाईने केलेलं काही नव्हतं. शिवाय जे होतं ते सगळं लांबून आलेलं. राणीसाहेबांनी ठरवलं की आपण ह्याच किनाऱ्यावरचं घ्यायचं. बायकांनी केलेलं, नाहीतर बायकांनी वापरून जपलेलं. त्यांना घरोघर जाता येत नव्हतं. मला येत होतं. म्हणून मग मी जाऊ लागले. हरिहरेश्वरापासून थळपर्यंत, कधी होडीने, कधी बैलगाडीने. कुंकवाचे लाकडी करंडे आणले, रंगवलेले पाट आणले, कोळणीने शिवलेल्या गोधड्या आणल्या, अरबस्तानातून आलेल्या पितळी खिळ्यांच्या पेट्या आणल्या, एक पाळणाही आणला. बहुतेक घरांतून लोक हसत देत. जुनं नेऊन नव्याचे पैसे देणारी राणी त्यांना वेडी वाटत असावी. सरकार येऊन ते सगळं पाहत. एका गोधडीपुढे ते बराच वेळ थांबले होते. म्हणाले, "ही जिने केली तिला लाल कुठे थांबवायचा ते कळत होतं. आमच्या दालनातल्या निम्म्या लोकांना कळत नाही."

मुरुडात एका मुसलमान व्यापाऱ्याच्या घरी मी पेटी बघायला गेले होते. पूर्वी त्या घरची गलबतं बसऱ्याला आणि झांजिबारला जात. आता किराणा मालाचं दुकान राहिलं होतं. घरात एक म्हातारी विधवा, तिचा मुलगा, सून आणि नातवंडं. म्हातारीला सगळा मोहल्ला खाला म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मी त्यांच्या घरचं खाणार नाही हे खालाला ठाऊक होतं. तिने न विचारता माझ्यासमोर शहाळं फोडून दिलं. पाणी पिता पिता माझी नजर माजघराच्या भिंतीवर गेली.

काचेवर काढलेलं एक गलबत होतं. हिरवा, इस्तरी केल्यासारखा सपाट समुद्र, फुगलेली दोन शिडं, आणि डोलकाठीपाशी एकाच चेहऱ्याची सात-आठ माणसं. मागच्या टोकाला एक माणूस बाकीच्यांच्या दुप्पट उंचीचा.

"तो माझा सासरा," खाला म्हणाली. "नाखवा होता. लांबच्या बंदरात एका चिन्याकडून काढून घेतलं. पैसं सासऱ्यानं दिलं, म्हणून सासरा मोठा."

मी राणीसाहेबांना त्या गलबताचं वर्णन करून सांगितलं. त्यांना ते बघायचंच होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मुरुडला गेले आणि खालाला विचारलं. खाला म्हणाली, "विकायचं न्हाय. बघायचं असंल तर बघ म्हणावं, पन भिंतीवरून उतरायचं न्हाय. तिनं यावं."

हा निरोप कसा सांगावा ते मला कळेना. पण राणीसाहेबांना गोड करून सांगितलेलं चालत नसे, म्हणून होता तसा सांगितला. त्या जराशा हसल्या. "घरात पुरुष असतात?"

"मुलगा दिवसभर दुकानात असतो. दुपारी बायकाच."

परवानगी सरकारांची लागणार होती. त्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांनी ती मागितली, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. सरकार म्हणाले, "चित्र बघायला ना? मग विचारता कशाला? आम्ही एका चित्रासाठी परक्या गावात मुक्काम वाढवला होता, आणि ते शेवटी मिळालंही नाही."

पडदा लावलेल्या बैलगाडीतून आम्ही गेलो. राणीसाहेबांची कोणाच्या घरी अशी जाण्याची ही पहिलीच वेळ होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सणावाराला लोक त्यांच्याकडे येत. त्या कोणाकडे जात नसत. खालाने उठून स्वागत वगैरे केलं नाही. चटई दाखवली. राणीसाहेब बसल्या नाहीत, सरळ भिंतीशी गेल्या. किती तरी वेळ त्या काचेजवळ नाक नेऊन उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "ह्याची पाठ बघायला मिळेल?"

खाला माझ्याकडे बघून म्हणाली, "उतरायचं न्हाय म्हटलं होतं ना मी?"

"तुम्हीच उतरवा," राणीसाहेब म्हणाल्या. "मी हात लावत नाही."

म्हातारीने सुनेला हाक मारली आणि दोघींनी ते उतरवून पालथं धरलं. मागून सगळं उलटं आणि अगदी गबाळं दिसत होतं. आकाशाचा रंग सगळ्यांवर थापलेला. काचेच्या चित्रात शेवटचं काम आधी करावं लागतं असं ह्यांनी मला पुढे सांगितलं. माणसाच्या डोळ्यातला ठिपका आधी, मग डोळा, मग चेहरा, आणि आकाश सगळ्यात शेवटी. कारण बघायचं असतं पलीकडून. चुकलं तर वरून दुरुस्ती नाही. राणीसाहेबांना ते तिथे उभ्या उभ्याच समजलं. त्या मला म्हणाल्या, "त्याला आधीपासून सगळं ठाऊक असलं पाहिजे." मग खालाकडे वळून म्हणाल्या, "मी इथे बसून हे उतरवून घेतलं तर चालेल? कागदावर."

"बस की," खाला म्हणाली. राणीला तिने अरेतुरे केलं ते मीच काय ते ऐकलं. राणीसाहेबांच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्या थंडीत आम्ही कितीतरी दुपारी तिथे गेलो. राणीसाहेब काढत, खाला सुपारी कातरत बोलत राही. सासरा दर्यावर असताना सासू कशी वागे, नवरा बसऱ्याहून कसा तापाने फणफणत आला, गलबत शेवटी मोडीत कसं निघालं आणि त्याच्या फळ्या कोणाच्या गोठ्याला लागल्या. राणीसाहेब फारसं बोलत नसत. पण एकदा त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी नदी होती. सासरी आल्यावर ती दिसली नाही. समुद्र दिसतो, तोही खिडकीतून." खाला म्हणाली, "खिडकीतूनच बरा. जवळून बघितलेल्यांचं काय झालं ते सांगितलंच मी."

बंगल्यावर त्यांनी काचेवर प्रयत्न सुरू केले. पहिल्या कितीतरी काचा फुकट गेल्या. हे खालून सांगत, मी वर जाऊन सांगे, आणि रंग ओघळे. शेवटी एक साधली. शिडं जरा बसकी, समुद्र मात्र चांगला. खालाच्या सासऱ्याची गोष्ट सरकारांच्या कानावर आलीच होती. त्यांनी काच हातात घेतली, खिडकीशी नेली आणि म्हणाले, "सासरेबुवा एवढेसे का केले?"

"मी पैसे घेतले नव्हते," राणीसाहेब म्हणाल्या. सरकार इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्यानंतरच्या दिवाळीची गोष्ट. पाडव्याच्या दिवशी राणीसाहेबांनी सरकारांना ओवाळलं. मी आणि दोन दासी तिथेच होतो. ओवाळणी म्हणून सरकारांनी कारभाऱ्यांकडून आधीच वर पाठवून ठेवलेली, रेशमी कापडात गुंडाळलेली एक चौकट पुढे केली. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. राणीसाहेबांनी कापड बाजूला केलं. खालाचं गलबत होतं.

त्यांनी चौकटीवरून एकदा बोट फिरवलं.

"खालांनी दिलं?" राणीसाहेबांनी विचारलं.

"त्यांच्या मुलाने. त्याला आपल्या वाडीतल्या नारळांचा मक्ता हवा होता, तो दिला. कारभाऱ्यांनी जमवलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला..."

"हो," राणीसाहेब म्हणाल्या. त्यांनी चौकट पाटावर ठेवली, सरकारांना वाकून नमस्कार केला आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला बोलावणं आलं. त्या रडलेल्या वगैरे नव्हत्या. म्हणाल्या, "हे परत देऊन या. मी जायला हवं. पण मी गेले तर सरकारांनी दिलेली ओवाळणी मी फिरवली असं होईल. तुम्ही गेलात तर एवढं वाटणार नाही."

मी गड्याच्या डोक्यावर चौकट दिली आणि गेले. खाला ओटीवर बसली होती. मला बघून उठून आत गेली, तेव्हा मीही मागोमाग गेले. माजघराच्या भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन होता.

"राणीसाहेबांनी परत दिलंय," मी म्हटलं. "त्यांना हे माहीत नव्हतं."

"ठाव हाय मला. ती असं करनार न्हाय." खाला चौकटीकडे बघत नव्हती. "पन मी घेनार न्हाय. पोरगा आता घरचा करता हाय. त्यानं जबान दिली. मी परत घेतलं तर त्याची जबान खोटी. दुकानात बसायचंय त्याला."

"मग काय सांगू मी त्यांना?"

खालाने भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं. सून दाराआडून ऐकत होती. मग म्हातारी म्हणाली, "तिनं काढलंय ते दे म्हनावं. भिंत अशी बरी दिसत न्हाय."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. राणीसाहेबांनी आपली काच काढून दिली आणि ती मी त्याच दिवशी मुरुडला पोचवली. खालाने ती हातात धरून न्याहाळली. "सासरा न्हाय हा," ती म्हणाली. "पन गलबत तेच हाय." मग सुनेला म्हणाली, "लाव."

मूळ चित्र राणीसाहेबांनी आपल्या दालनात येऊ दिलं नाही. ह्यांना निरोप पाठवला: "हे सरकारांनी घेतलेलं आहे. त्यांच्या दालनात लावावं." ह्यांनी ते पाणी पिणाऱ्या गाई आणि बर्फातली घोडागाडी यांच्या मधे लावलं. सरकार दुपारी आले, तिथे थांबले. ह्यांच्याशी ते मोकळेपणाने बोलत. म्हणाले, "मास्तर, ह्या दालनात एक तरी चित्र ह्या भिंतीसाठी काढलेलं आहे का हो?"

"नाही, सरकार."

"सगळी कुणाच्या तरी भिंतीवरून उतरवलेली. लिलावात ती भिंत दिसत नाही, एवढंच." मग म्हणाले, "आता तुम्ही एक काढा. ह्या भिंतीसाठी."

त्या वर्षी ह्यांनी त्यांचं सगळ्यात मोठं चित्र काढलं. थळच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका. मला आजही वाटतं की त्यांच्या हातून दुसरं एवढं चांगलं काही झालं नाही. सरकारांनी ते लावलं, पण आवडत्या चित्रासमोर बसायला ठेवत तशी खुर्ची त्याच्यासमोर ठेवली नाही. "वास येतो," म्हणायचे, आणि ते कौतुक होतं की तक्रार ते ह्यांना कधी ठरवता आलं नाही.

सरकार आणि राणीसाहेब त्या प्रकरणाबद्दल पुन्हा बोलले की नाही मला माहीत नाही. वागण्यात मला फरक दिसला नाही. पण राणीसाहेबांनी मला घरोघर पाठवणं बंद केलं. त्याऐवजी बायकांना बंगल्यावर बोलवू लागल्या. गोधड्या शिवणाऱ्या, रांगोळ्या काढणाऱ्या, पाट रंगवणाऱ्या. त्या वर दालनात बसून काम करत, मजुरी घेत आणि केलेलं राणीसाहेब ठेवून घेत. खाला एकदाच आली. झोपाळ्यावर बसून सगळं दालन पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या पेट्या हायत, पन कपडे कुठं ठेवते तू?"

पुढे दोन-तीन वर्षांनी सरकारांचा दमा हृदयावर गेला. डॉक्टर मुंबईहून येत. शेवटच्या पंधरवड्यात राणीसाहेबांनी गोषा सोडला. सोडला म्हणजे तसं काही जाहीर केलं नाही. औषधं, डॉक्टर, तारा, सगळं त्यांनाच बघावं लागत होतं, तेव्हा त्या जिना उतरून खाली आल्या. हे सरकारांच्या दालनात शेगडी पेटवत होते. पावसाळी हवेत चित्रं कोरडी राहावीत म्हणून तिथे शेगड्या ठेवत. राणीसाहेब दारात दिसल्या आणि हे गडबडून उभे राहिले. इतकी वर्षं ज्यांना शिकवलं त्या बाईला हे पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, काहीतरी बोलतील.

राणीसाहेब म्हणाल्या, "सरकारांना त्या मुलीचं चित्र वर हवं आहे. गालावर डाग होता ते."

"हो," हे म्हणाले आणि ते चित्र उतरवायला लागले.

सरकार त्याच महिन्यात गेले. दत्तक घेतलेला पुतण्या गादीवर आला. त्याला समुद्राचं वेड नव्हतं आणि चित्रांचंही, पण राजवाड्यात पाहुण्यांना दाखवायला तैलचित्रं बरी दिसतात एवढं त्याला ठाऊक होतं. त्याचे अधिकारी येऊन सरकारांचं दालन रिकामं करू लागले. ह्यांनी रात्रंदिवस खपून चित्रं पेट्यांत बसवली. राणीसाहेबांनी काचेवरचं गलबत तेवढं ठेवून घेऊ का म्हणून विचारलं. अधिकारी नम्र होता. म्हणाला, "आईसाहेब, त्या दालनातलं सगळं संस्थानचं. आपल्या दालनातलं आपलं." गलबत घाटावर गेलं. ह्यांचं बोंबलांचं चित्रही गेलं. राजवाड्यात ती लावली की माळ्यावर टाकली, ते आम्हाला कळलं नाही.

राणीसाहेबांचं दालन मात्र कोणालाच नको होतं. बंगला विकायचा होता. त्यांनी ठरवलं की ज्याचं त्याला परत द्यायचं, आणि मी पुन्हा निघाले. हे काम आणण्याहून अवघड निघालं. हरिहरेश्वरच्या एका घरातल्या बाईने करंडा ओळखलाच नाही. दुसरीने ओळखला, पण म्हणाली, "बाई, आता आरशाचा डबा घेतलाय, हा कुठं ठेवू?" एका घरात माणसंच उरली नव्हती. पेट्या तेवढ्या लोकांनी आनंदाने घेतल्या, धान्य ठेवायला. थळच्या कोळणीने आपली गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "चांगली ठेवलीय की. कोन पांघरलंच न्हाय वाटतं." खाला तोवर वारली होती. तिच्या घरी परत द्यायचं काही नव्हतं, म्हणून मी गेले नाही. पाळणा कोणाचा ते मला काही केल्या आठवेना. तो वाडीतल्या माळ्याच्या सुनेने नेला.

आम्ही मुंबईला परतलो. ह्यांना एका शाळेत चित्रकलेच्या मास्तरांची जागा मिळाली. राणीसाहेब पुण्यात लहानसा बंगला घेऊन राहिल्या. दासी एकच, आणि पडदा नाहीच. मी दोनदा त्यांच्याकडे गेले. दुसऱ्या खेपेस त्या व्हरांड्यात काचेवर काम करत बसल्या होत्या. हात सुधारला होता. काय काढताहेत ते मागून बघून मला कळेना, कारण अजून नुसते डोळे आणि बोटांची टोकं झाली होती.

"तुम्ही स्वतः कधी काढलं नाहीत," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"वेळ झाला नाही."

"इतकी वर्षं?"

त्यांनी बाजूची एक कोरी काच उचलली, पुसली आणि माझ्यापुढे सरकवली. समोर रस्त्यापलीकडच्या बंगल्याचं फाटक दिसत होतं, त्यावर वाळत टाकलेला एक टॉवेल होता. मी ते काढायला घेतलं. दुपारचा चहा आला तोवर एक बाजू झाली होती. काच उलटी करून पाहिली. फाटक कोसळल्यासारखं दिसत होतं आणि टॉवेलची बकरी झाली होती.

राणीसाहेबांनी ती उजेडात धरून नीट पाहिली. "वाईट आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरी काच दिली.